काकीक इचारलंस काय गो?

बाये, तुझा तो स्टेटस मी सकाळी सव्वासहाला बघितला. गौरी-गणपती पोचवून घर रिकामं रिकामं झालेलं, माटवीला बांधलेल्या डहाळ्या अजून लोंबत होत्या आणि मी मागीलदारी चहा घेऊन बसले होते. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. आमच्या घरातले सगळे ढोंगी आहेत, देवीला पुजतात आणि घरातल्या विधवेला मागीलदारी उभी करतात. खाली लालबुंद रागावलेला चेहरा. नऊ वाजता मुंबईच्या तात्यांचा फोन, दहाला आत्येचा. साडेदहाला तुझा मेसेज आला, 'ताई, मी काय चुकीचं बोलले?'

तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण ते दोन ओळींत मावणारं नव्हतं. आता ऑफिसातून येऊन, भांडी घासून, निवांत लिहायला बसलेय. हे आपल्या दोघींतच ठेव.

चुकीचं काही बोलली नाहीस. हे आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं तुला तात्यांच्या बाजूचं वाटेल. गौरीच्या ओवश्याच्या वेळी मीही तिथेच होते. नव्या सुनेने सूप उचललं, बायका पुढे सरकल्या आणि काकी कुणी न सांगताच मागे झाली. पदराला हात पुसत ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. तीन वर्षांत तिला ते सरावाचं झालंय, हेच मला जास्त लागलं. तू तिथल्या तिथे विचारलंस, 'काकी का नाही येत पुढे?' तेव्हा तात्या म्हणाले, "चेडवान एवढा बोलूचा नसता." तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं, म्हणून त्यांनी तुझं वय आणि तुझं बाईपण काढलं. तोपर्यंत डाव तुझा होता.

मग तू ओटीवर गेलीस आणि मोबाइल काढलास.

तुला माझी एक गोष्ट कधी सांगितलेली नाही. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मी वक्तृत्व स्पर्धेत पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीवर बोलले होते. २०१६ साल. त्या फेब्रुवारीत सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले होते. सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने मासेमारी करायची, नवे परवाने नाहीत. दांडी-देवबागच्या पारंपरिक मच्छीमारांनी त्यासाठी किती मोर्चे काढले होते, तू तेव्हा लहान होतीस. मी काय बोलले असेन! रापण म्हणजे काय ते आधी रंगवून सांगितलं. होडीने जाळं अर्धगोल टाकायचं, मग दोन्ही टोकं किनाऱ्यावरून अख्ख्या वाडीने ओढायची आणि दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळायचा. टाळ्या. मग पर्ससीनवाल्यांवर आले. 'समुद्रावरचे दरोडेखोर' हा शब्द मी तीनदा वापरला, प्रत्येक वेळी हात वर करून. ढाल मिळाली. अजून माळ्यावर आहे.

माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण त्या दिवशी एसटीत दुसऱ्या सीटवर बसली. आठवडाभर बोलली नाही. शेवटी मीच खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "बाबा पर्ससीनवर तांडेल आहेत. आमची रापण बसली, होडी विकली, तेव्हा गेले. तुला ठाऊक होतं?" मला ठाऊक नव्हतं. मी भाषणासाठी वर्तमानपत्रांची कात्रणं वाचली, आकडे काढले, सरांना भाषण दाखवलं. माझ्याच बाकावर बसणाऱ्या मुलीला मात्र काही विचारलं नाही.

माझं मत बदललं नाही हं. किनाऱ्याजवळ पर्ससीन टाकली की बांगड्याचा, तारलीचा अख्खा थवाच उचलला जातो आणि लहान होडीवाल्याच्या हाती काही उरत नाही, हे मी आजही म्हणेन. पण 'दरोडेखोर' हा शब्द गेला. जाळं टाकणारा कोण, बोट कुणाची, कर्ज कुणाचं, परवाना कुणी दिला, हे वेगवेगळे लोक असतात, हे मला तिच्यामुळे कळलं. राग तोच राहिला, पण कुणावर धरायचा हे नीट कळायला लागलं.

आता तुझ्याकडे येते. काकीविषयी तू जगाला सांगितलंस. काकीक इचारलंस काय गो?

परवा ती बाजारात गेली होती. मासळी घेताना दोघीजणी तिच्याकडे बघून आपापसात बोलल्या. घरी येऊन मला म्हणाली, "माका एकदा सांगाचा व्हता गो. माझाच नाव आणि माकाच ठावक नाय." तुझ्यावर रागावली नाही ती, उलट तुझ्यासाठी खापरोळ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. पण स्टेटस चोवीस तासांनी गेला तरी स्क्रीनशॉट कुणाकुणाच्या मोबाइलात राहिले, आणि बाजारात रोज जायचं आहे ते तिला.

तू मुक्ता साळवेवर प्रोजेक्ट केला होतास ना? मला तेव्हा नुसती कात्रणं चिकटवायला बोलावलं होतंस. मग तुला आठवेल, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली ती जेमतेम चौदा वर्षांची मुलगी, आणि १८५५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदया'त छापून आलेला तिचा निबंध. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. पुण्यासारख्या शहरात, पेशवाई जाऊन चाळीस वर्षंही झाली नव्हती, आणि ही पोर विचारते की आम्हांला वेद वाचायचा अधिकार नाही तर आमचा धर्म कोणता? आज कुणी एवढं लिहिलं तर फोन बंद करून बसावं लागेल. पण त्या निबंधाचा जोर कशात आहे, बघ. ती आपल्या घरातलं लिहीत होती. बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नाही, थंडीवाऱ्याचे हाल, हे तिने बघितलेलं. तिला कुणाची परवानगी घ्यायची गरज नव्हती, कारण ज्यांचं दुःख त्यांचीच ती होती.

दुःख आपलं नसलं तर? तर बोलायचंच नाही का? तसं असतं तर आपल्या जिल्ह्यात अप्पा पटवर्धनांचं नाव कुणी घेतलं नसतं. अप्पा ब्राह्मण घरातले, एम.ए. झालेले. त्यांना अस्पृश्यतेवर छान व्याख्यानं देता आली असती. त्यांनी झाडू आणि बादली उचलली. १९३२मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना भंगीकाम मला करू द्या अशी मागणी केली. नाकारली तर अन्न सोडलं. त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपोषण सुरू केलं, तेव्हा सरकारला हलावं लागलं. पुढे १९४८मध्ये कणकवलीजवळ वागद्याला गोपुरी आश्रम काढला. तिथे काय, तर मेलेल्या जनावराची कातडी सोडवणं, चर्मकाम, संडास. लोक नाकाला पदर लावून जायचे ती सगळी कामं. दुसऱ्याच्या दुःखावर बोलण्याचा अधिकार अप्पांनी असा हाताने कमावला.

आता आपल्या दोघींचं सांगते, मलाही यातून वगळत नाही. गौरी जेवायच्या दिवशी वीस नारळ कुणी खोवले? काकीने. काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्यांचं पीठ, पंचवीस माणसांची पानं? काकी. तू आणि मी ओटीवर पंख्याखाली बसून तिच्या हक्कांवर बोलत होतो. तू जरा मोठ्याने बोललीस, मी हळू, एवढाच फरक.

तुझी आणखी मतं मी ऐकलीत. आरक्षण, आंतरजातीय लग्न, मुलग्यांनी मुलग्यांवर प्रेम करणं, देवस्कीचे मानपान, सी-वर्ल्ड, खाणी. आठवड्याला एक नवीन. सगळी वाईट नाहीत, उलट काही तर मला तुझ्या वयात सुचलीही नव्हती. पण गो, प्रत्येक विषयावर संध्याकाळपर्यंत मत तयार पाहिजे अशी सक्ती कुणी केलीय? 'माका अजून नीट म्हायत नाय' हे वाक्य तू शेवटचं कधी बोललीस? माझ्या ऑफिसातले वकीलसाहेब तीस वर्षांची प्रॅक्टिस झाल्यावरही दिवसातून दोनदा म्हणतात. मला त्यांच्याविषयी सगळ्यात जास्त विश्वास तेव्हाच वाटतो.

बरं, आता थोडं व्यवहाराचं. आई तुला 'पोलीस घेऊन जातील' म्हणून घाबरवतेय, ते अगदीच खोटं नाही आणि पूर्ण खरंही नाही. पालघरची गोष्ट तुला माहीत नसेल. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा मुंबई बंद होती. एका मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल लिहिलं, दुसरीने नुसतं लाइक केलं. दोघींना अटक. त्यावरून श्रेया सिंघल नावाची कायदा शिकायला निघालेली तरुणी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ला माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ कलमच रद्द झालं. एकवीस वर्षांच्या पोरीने केलेलं काम आहे हे. म्हणून मी तुला गप्प बस म्हणणार नाही.

पण २०२५च्या मे महिन्यात पुण्यात काय झालं तेही ऐक. एकोणीस वर्षांची इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. भारत-पाकिस्तान तणावावर दुसऱ्याची एक पोस्ट पुढे ढकलली. दोनेक तासांत काढून टाकली, माफीही मागितली. तरी अटक झाली, कॉलेजने काढून टाकलं, परीक्षा बुडायला लागली. उच्च न्यायालयाने २७ मेला जामीन दिला, सरकारला चांगलं खडसावलं, परीक्षेची वाट मोकळी केली. न्याय मिळाला म्हणायचा. पण मधले ते दिवस तिने कोठडीत काढले. ६६-अ गेलं तरी भारतीय न्याय संहितेत १९६ आणि २९९ आहेत, गटागटांत तेढ आणि धार्मिक भावना दुखावणं यांच्यासाठी, आणि तक्रार द्यायला कुणीही उठतो. काकीविषयीच्या तुझ्या स्टेटसवर कुणी गुन्हा घालणार नाही. पण त्याच आठवड्यात तू ते दुसरं शेअर केलं होतंस, कुणाचं तरी, चिडून, अर्धं वाचून, ते मी बघितलं. स्वतः लिहिलेल्या वाक्यासाठी त्रास झाला तर सोसायला बळ येतं. दुसऱ्याच्या वाक्यासाठी सोसताना नुसता पश्चात्ताप होतो.

आणि असं जपून बोलणं म्हणजे पळपुटेपण नाही. मालतीबाई बेडेकरांनी १९३३मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' छापलं ते विभावरी शिरूरकर या नावाने. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते लिहिलं होतं, आणि केवढा गदारोळ झाला! ही बाई कोण म्हणून शोधाशोध. नाव झाकलं, पण लिहिण्यातलं काहीही झाकलं नाही. तू उलटं करतेस बघ, नाव-फोटो ठसठशीत आणि मजकूर दोन ओळींचा.

गावकीने उद्या आपल्या घराला वाळीत टाकलं तर, असं बाबा कुजबुजत होते म्हणे. त्यांना माझ्याकडे पाठव. २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै २०१७पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. शिवाय एवढं काही होणार नाही. आपल्या गावकीत सध्या जत्रेच्या हिशेबावरून एकमेकांशीच कुणी बोलत नाही.

तात्यांशी भांडायचं कसं, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. नारळीपौर्णिमेला बंदर जेटीवर नारळ लढवतात ना? खेळणारा दुकानात अर्धा तास उभा राहून नारळ निवडतो. कानाशी धरतो, बोटाने वाजवतो, डोळे बघतो. मग एक ठोका. बायकांच्या स्पर्धेत काकीने यंदा तीन फोडले, तुला ठाऊक तरी आहे का? तू हातात येईल तो नारळ घेऊन आदळत सुटतेस. 'ढोंगी' हा पोचा नारळ होता. तात्यांनी एकाच ठोक्यात फोडला. म्हणाले, माझ्या घरात येऊन मलाच ढोंगी म्हणते, आणि सगळं घर त्यांच्या बाजूला. काकीचा विषय तिथेच संपला, बोलणं सुरू झालं ते तुझ्या उद्धटपणावर.

त्याऐवजी हेरवाडचं सांगितलं असतंस तर? कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं गाव. कोरोनात कितीतरी तरण्या बायका मागे राहिल्या. ४ मे २०२२ला तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. दोन आठवड्यांत सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तात्यांना सरकारी परिपत्रकाचा भारी आदर, बत्तीस वर्षं मंत्रालयासमोर नोकरी झालीय त्यांची. ठरावाने एका रात्रीत मनं बदलत नाहीत, ठाऊक आहे मला. पण गावातली मोठी माणसंच असं ठरवू शकतात, हे त्यांच्या वयाच्या माणसाला ऐकायला सोपं जातं. पोरीने शिकवलं असं होत नाही.

खरं सांगू? एवढं सगळं मनात जुळवून मी काल रात्री काकीजवळ गेले. ती सोलं भरत होती बरणीत. म्हटलं, पुढच्या गौरीला तू सूप घेऊन पुढे यायचं, मी तात्यांशी बोलते. ती हसली. बरणीचं झाकण लावलं, हात पुसले आणि म्हणाली, "माझ्या कपाळाक काय लावतत ता ऱ्हवांदे गो. सातबाऱ्यार माझा नाव खय आसा?"

मी गप्पच झाले. आठ वर्षं वकिलाच्या ऑफिसात काढलीत मी. रोज कुणाचे तरी फेरफार बघते. आणि माझ्या घरातली ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

काकांना जाऊन तीन वर्षं झाली. सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे, बाकीच्या अकरा जणांबरोबर, सामायिकात. वारस नोंद झालेलीच नाही. तिने दोनदा विचारलं, तात्या म्हणाले करू मगे, घाई काय. घाई अशी की खालच्या माडांजवळची जागा कुणी हॉटेलवाला बघून गेलाय, आणि ज्याचं नाव नाही त्याला सहीला कुणी बोलावत नाही. १९५६च्या वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या हिश्श्यात बायको पहिल्या वर्गाची वारस, मुलाच्या आणि सासूच्या बरोबरीने. २०२५मध्ये सरकारने 'जिवंत सातबारा' म्हणून मोहीमही काढली होती, मयत खातेदारांच्या जागी वारस लावायची. आपल्या घरातून कागदच कुणी दिले नाहीत. ते द्यायचे असतात हे काकीला कुणी सांगितलं नाही. ओटीवर आपण तेव्हा काय बोलत होतो कोण जाणे.

तिला कुंकवाचं काही वाटत नाही असं नाही. सोलं भरताना तिचा हात मधेच थांबला होता, तो मी बघितला. पण तिच्या यादीत ते दुसरं आहे. पहिलं काय ते आपण विचारलं नव्हतं.

तर आता ऐक. शनिवारी येते म्हणालीस, त्याचा उपयोग नाही, शनिवारी कचेरी बंद. सोमवारचं एखादं लेक्चर बुडव. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, तोंडावर तसंच म्हण, खूश होतो. अर्ज मी टाइप करून ठेवलाय. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधारच्या झेरॉक्स काकीने बिस्किटाच्या डब्यात घालून कधीच्या तयार ठेवल्यात, डब्यावर तिच्या अक्षरात 'कागद' असं लिहिलंय. नोटीस निघाली की पंधरा दिवस हरकतीला असतात, तेवढ्यात तात्यांचा फोन येणारच. तो तू घ्यायचा नाहीस. मीही घेणार नाही. काकी घेणार म्हणते.

सकाळची पहिली एसटी पकड, ऑनलाइनला नेट नसलं तर दुपार होईल. आणि येताना चांगलं चालणारं पेन आण, काकीला सही करायचीय.